वेगळा निघालेला जिवाणू

आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजात जिवाणूंवर संशोधन करणाऱ्या एक मॅडम आहेत. वाद वाढला की त्यांचा आवाज आणखी खाली येतो.

सोयाबीनच्या बियाण्याला लावायचा त्यांचा जिवाणू वाटपाच्या दिवशीच तपासणीत वेगळा निघाला. त्याचं जनुक आपोआप बदललं होतं.

"आपण काही मुद्दाम बदललं नाही, मंग परवानगी लागत नाही. वाटून टाका!" प्राचार्य ओरडले.

"नियम फक्त जिवाणू कसा बदलला ते विचारते, सर. तो शेतात काय करेल, ते मले माहीत नाही," असं म्हणून मॅडमनी जिवाणू ठेवलेल्या खोलीला कुलूप लावलं आणि बाहेर जाऊन ताटकळलेल्या शेतकऱ्यांना स्वतःच सांगितलं, की पुन्हा तपासणी होईपर्यंत वाटप होणार नाही.

"पेरणी झाल्यावर आमाले काय उपयोग?" एक जण म्हणाला.

शेवटचा माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या तिथेच उन्हात उभ्या राहिल्या.