बुडू दिलेला खलाशी

मस्कतच्या आमच्या मराठी मंडळात व्याख्यान द्यायचं तर दोन गोष्टी लागत: विषय आणि शेरवानी. विषय माझ्याकडे होता. शेरवानी तळमजल्यावरच्या शेजाऱ्याकडे होती. बौशरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकदा चहा घेताना मी बोलता बोलता विषय त्याला देऊन बसलो, आणि दोन महिन्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा शेरवानीतला फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘ओमानच्या समुद्रातील जर्मन पाणबुडी: एक थरारक सफर’.

पाणबुडीला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, यू-५३३. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हिंदी महासागरात पाणबुड्यांचा एक जथा पाठवला आणि त्याला चक्क ‘मान्सून’ म्हटलं. त्यातली ही एक. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाली, आफ्रिकेला वळसा घालून ओमानच्या आखातात पोचली, आणि तिथे एका ब्रिटिश विमानाने तिला बुडवलं. एवढ्या प्रवासात तिने स्वतः एकही जहाज बुडवलं नाही. मला ती आवडायची ती यासाठीच. मी एका कंपनीत पंपांची देखभाल बघायचो. इतकी यंत्रं, इतकं तेल, इतकी शिस्त आणि शेवटी हाती काही नाही, हे मला ओळखीचं वाटायचं.

तिच्याबद्दल मिळेल ते मी वर्षानुवर्षं एका निळ्या फाइलमध्ये जमवत होतो. घरात त्या फाइलला ‘बाबाची बोट’ म्हणत. मुलीने ती कधी उघडली नाही. ती तेव्हा दहावीत होती, शाळा इंडियन, मैत्रिणींशी इंग्रजी आणि आमच्याशी अडखळतं मराठी. फाइलमधल्या नोंदी मराठीत, माझ्या अक्षरात. ते अक्षर दुसऱ्या दिवशी मलाही लागत नाही, तेव्हा तिला दोष देणं अन्यायाचं होतं. मी देत असे.

शेजाऱ्याने तिला स्लाइड करायला बोलावलं आणि ती रोज संध्याकाळी खाली जायला लागली. रात्री जेवताना मला पाणबुडी समजावून सांगायची. खलाशी जास्त आणि झोपायच्या जागा कमी, म्हणून एक उठला की त्याच्याच गरम गादीवर दुसरा आडवा व्हायचा. “बाबा, तुला माहितीये, टर्न बाय टर्न झोपायचे ते.” मला माहीत होतं. तिला ते काकांनी सांगितलं होतं, आणि काकांना मी. मी आणखी थोडं वरण वाढून घेतलं. व्याख्यान गेलं हे मी पचवलं असतं. पण ‘तुला माहितीये’ म्हणताना तिच्या डोळ्यांत जे दिसायचं ते तळमजल्यावर तयार होत होतं. तिला शेजारी बसवून ती फाइल मी तरी कधी उघडली नव्हती.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी शेजारी भाषणाची प्रत घेऊन वर आला. माझं मराठी शुद्ध, असा माझ्याविषयी गैरसमज आहे. “सर, एकदा नजर टाका,” म्हणाला. मी टाकली. पानोपानी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, विशेषणं छाटली. शेवटच्या पानावर वाक्य होतं, ‘एकही खलाशी वाचला नाही.’ एक वाचला होता. बुडालेल्या पाणबुडीतून वर आला, अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, तरी एका दिवसाहून जास्त वेळ तरंगत राहिला, आणि हिंदी नौदलाच्या एका जहाजाने त्याला उचललं. माझ्या फाइलमध्ये त्याच्यावर एक पूर्ण पान होतं. मी त्या वाक्यापाशी पेन थांबवलं, पूर्णविराम जरा ठळक केला आणि प्रत परत दिली.

आमच्याकडे व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं असतात, आणि त्यात कोणी प्रश्न विचारत नाही. लोक उभे राहून स्वतःचं छोटं व्याख्यान देतात. माझं तयार होतं.

ओमानमधला वीकेंड तेव्हा नुकता गुरुवार-शुक्रवारचा शुक्रवार-शनिवार झाला होता. शुक्रवारी सकाळी रुवीतल्या हॉलमध्ये दीपप्रज्वलन झालं, शाल झाली, श्रीफळ झालं. मस्कतच्या दुकानात नारळ शेंडी काढून मिळतो, म्हणून अध्यक्षांनी शेंडीवाला नारळ खास मुंबईहून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून मागवला होता, आणि हेही त्यांनी माइकवरून सांगितलं. शेजारी चांगला बोलला. हे लिहायला मला आजही वेळ लागतो. शेवटी पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं, ‘वाचलेले: कोणी नाही’, आणि अध्यक्षांनी सर्वांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सारा हॉल जर्मन खलाशांसाठी उभा राहिला. मीही राहिलो, ज्याचं दुःख करायचं कारण नव्हतं अशा त्या एका वाचलेल्या माणसासाठीही.

मग माइक फिरला. मी हात वर केला, माइक माझ्याकडे आला. तेवढ्यात शेजारी म्हणाला, “एक सांगायचं राहिलं. शेवटच्या भागाची सगळी माहिती ह्यांच्या मुलीने शोधलीय. मी फक्त वाचली.” ती लॅपटॉपशेजारी उभी होती. टाळ्या पडल्या, तिने मान खाली घातली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, जथ्याला ‘मान्सून’ नाव का दिलं असेल. ती उत्तर देऊ लागली, मराठीत, सावकाश, शब्द शोधत. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

परतताना ती गाडीत फोनवर काही वाचत होती. वादी अदाईचा भाग मागे पडल्यावर तिने मान वर केली.

“बाबा, एक जण वाचला होता.”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

मी होकार दिला. प्रत माझ्याकडे येऊन गेली हे तिला माहीत होतंच. तिने फोन खाली ठेवला. “मग सांगायचं ना,” एवढंच म्हणाली, आणि उरलेला रस्ता आमच्यात वेगळाच शोक पाळला गेला.

गाडी थांबल्याबरोबर ती थेट तळमजल्यावर गेली. दुपारच्या जेवणाआधी ग्रुपवर शेजाऱ्याचा मेसेज आला: आपलं चुकलं, एक खलाशी वाचला होता, हे मुलीनेच शोधून काढलं, तिचं अभिनंदन. खाली अंगठ्यांची रांग लागली. चूक कबूल करूनही हा माणूस लोकांच्या नजरेत वरच चढला. मी कबूल केली असती तर मंडळाने माझ्यावर उपसमिती नेमली असती.

थोड्या वेळाने ती वर आली. “काकांना तुझी फाइल बघायचीय. आम्ही ते सगळं नीट लिहिणारोत.”

मी आत गेलो, फाइल काढली, आणि त्या वाचलेल्या खलाशाचं पान ओढून टेबलाच्या खणात ठेवलं. मागे वळलो तर ती दारात उभी होती.

“सगळं आहे ना ह्यात?” तिने विचारलं.

मी खण उघडला, पान परत फाइलमध्ये लावलं आणि फाइल तिच्या हातात दिली.

“आता आहे,” म्हणालो.

ती फाइल घेऊन खाली गेली नाही. जेवणाच्या टेबलावर बसली, पहिलं पान उघडलं आणि विचारलं, “हे काय लिहिलंय?”

मी चष्मा शोधायला उठलो. मलाही ते लागत नव्हतं.