शुद्ध विषाचा सोबती

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुबळीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं इरकली साडी उलगडत होतो. घडी घालायचंही सुचलं नाही... मालतीअक्का माझी थोरली बहीण. भेटायला येणारे अजून हळहळतात, "एकटीच राहिली बिचारी" म्हणतात. मला राग येतो. बिचारी कसली? अशी जिंकलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

सत्तरचं दशक सरत होतं. धारवाडच्या एका प्रयोगशाळेत अक्का डॉक्टरेटसाठी एका जंतूच्या विषावर काम करत होती. डब्यातलं अन्न नासलं की कधीकधी त्यात हे विष तयार होतं आणि माणूस लुळा पडतो. हे विष म्हणजे एक प्रोटीन, आणि त्याची घडण अक्काला शोधायची होती. जेवताना ती मला समजावायची, "दोन साखळ्या असतात रे, एका बंधानं जोडलेल्या. एक नसेला चिकटते, दुसरी आत शिरून घात करते." मी नुसती मान डोलवायचो. कापड विकणाऱ्याला त्यातलं काय कळणार?

आमच्या आईचं सोवळं कडक, आणि अक्काही त्याच वळणाची. तिनं ते विष गाळून, धुऊन अगदी लखलखीत शुद्ध केलं. झालं भलतंच! कच्चं, गढूळ विष पोटात गेलेला उंदीर मरायचा आणि शुद्ध विष खाल्लेला मजेत हिंडायचा. तिच्या सरांनी निकाल दिला, "तुमचा हात कच्चा आहे, मालतीबाई. शुद्ध करताना विषच मोडलंत. विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. शिवाय घरात अप्पा स्थळं घेऊन तयारच बसले होते. संशोधन सुटलं असतं ते कायमचंच.

त्या संध्याकाळी आई सोवळ्यानं, कुणालाही जवळ फिरकू न देता, स्वयंपाक करत होती. अक्का उंबऱ्यात बसून बघत राहिली... आणि एकदम ओरडली, "आई, मीपण तुझ्यासारखंच केलं की गं! धुऊन धुऊन त्याचा सोबतीच काढून टाकला!"

"उंदरं मारतेस, वर माझ्या सोवळ्याला नावं ठेवतेस होय?" आई कडाडली.

हा सोबती म्हणजे विषाला बिलगून असलेलं दुसरं प्रोटीन. ते स्वतः निरुपद्रवी, म्हणून सगळे त्याला मळ समजून टाकत होते. अक्काचं म्हणणं, हेच विषाला कवेत घेऊन पोटातल्या आम्लातून पार करतं आणि पुढं आतड्यात सोडून देतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चंग बांधला. शुद्ध विष आम्लात ठेवलं, ते निकामी झालं. टाकून दिलेला भाग त्यात पुन्हा मिसळून ठेवला, विष शाबूत! सरांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या हातानं करून पाहिलं, तरी तेच. शेवटी ते खुर्चीवरून उठले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "छलो आत, अक्का!" म्हणजे छान झालं. "चूक माझी." एरवी ते तिला बाई म्हणायचे. ही हकीकत अक्का त्यांची नक्कल करून सांगायची आणि हसून हसून लाल व्हायची. त्या दिवशी तिनं उंदरांसाठी देवापुढं दिवा लावला आणि पोटभर जेवली. अप्पांनी स्थळांचा विषय पुन्हा काढला नाही.

परवा तिचं घर आवरायला गेलो. टेबलावर दोन लाकडी गोळे होते, एकमेकांत बसणारे: एक विष, दुसरा त्याचा सोबती. कमरीपेठेतल्या सुताराकडून तिनं विद्यार्थ्यांना दाखवायला करून घेतले होते. ते मी आता दुकानात ठेवलेत. कुणी विचारलं, "काय हो हे?" की कापड बाजूला सारतो आणि म्हणतो, "बसा. आमच्या अक्कानं काय केलं ते सांगतो."