मामाची करंगळी

माझ्या मामाला सगळा बाजार करंगळी म्हणायचा. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं. जुनी पिस्तुलं दुरुस्त करायचं त्याचं परवान्याचं दुकान होतं. हातात आलेल्या प्रत्येक पिस्तुलाची नळी मागच्या बाजूने डोळे बारीक करून बघितल्यावर तो तिच्यात करंगळीचं टोक घालायचा. डोळ्यांना घाई असते, करंगळीला नसते, असं त्याचं म्हणणं. लोक हसायचे. त्याच्या दुकानात चाळीस वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नाही, हे मात्र हसणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

मी शाळेत असल्यापासून त्याने मला एकच क्रम ऐकवला. आधी गोळ्यांचं मॅगझिन बाहेर काढायचं, मग वरची स्लाइड मागे ओढायची, मग बघायचं, मग करंगळी. हा क्रम उलटा झाला तर काय होतं, ते तो रिकाम्या पेनाच्या नळीवर दाखवायचा. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, की ती पुढे जाता जाता वरची गोळी नळीत ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं, की माणूस निर्धास्त होतो आणि हातात भरलेलं पिस्तूल राहतं. मला पिस्तुलाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तरी आजही हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ आहे.

रिकामं पिस्तूलसुद्धा तो लाडाने हाताळायचा. नुसता चाप ओढून बघायचा असला, तर मागे रबर बसवलेलं खोटं काडतूस आधी आत घालायचा, म्हणजे गोळीला ठोकणाऱ्या म्हाताऱ्या पिनेवर घाव बसत नाही. काही जुन्या पिस्तुलांना एक कळ असते. उभारलेला घोडा, म्हणजे पिनेवर आपटणारी मागची हातोडी, त्या कळीने गोळी न सुटता खाली यावा, अशी तिची रचना. पण कळ झिजली की तिचा भरवसा नसतो. म्हणून मामा रिकाम्या नळीत पेन्सिल सोडायचा, नळीचं तोंड वर करायचा आणि कळ दाबायचा. पेन्सिल जागची हलली नाही तर कळ ठीक. पेन्सिल उडाली, तर घोडा पिनेला ठोकतोय. अशा कळीला तो लाल दोरा बांधायचा आणि मालकाला तासभर बौद्धिक द्यायचा. एरवी मात्र काहीही करायचं तर नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे.

आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे, जो हातात घेईल त्याने स्वतः तपासायचं. देणाऱ्याने तुमच्या डोळ्यांदेखत तपासलेलं असलं तरीही. मामीने केलेल्या चहात साखर आहे का, हेसुद्धा तो आधी घोटभर पिऊन बघायचा आणि मगच बशीत ओतायचा. मामी म्हणायची, लग्नात मला हार घालायच्या आधी ह्यांनी करंगळी कशी नाही घातली कुठे, देव जाणे.

दुकानात समोरच्या टेबलावर त्याचा सख्खा भाऊ बसायचा, माझा धाकटा मामा. हात चांगला, पण नाकावर सदा राग. सव्वीस वर्षं तो पिस्तूल उघडून, साफ करून, तपासून दादाच्या हातात देत आला आणि सव्वीस वर्षं दादा ते त्याच्यासमोर पुन्हा तपासत आला. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. धाकट्याला ते फार झोंबायचं. प्रत्येक घरगुती जेवणात तो तेच रडगाणं लावायचा, की दादा मला अजून पोरगा समजतो, चारचौघांत माझी किंमत कमी करतो. मामा सांगायचा, मी तुझं पिस्तूल तपासतो, तुला नाही. हे कुणालाच पटायचं नाही. माझ्या आईला नाही, मामीला नाही. मलाही नाही.

आईच्या वाढदिवसाला धाकटा मामा जेवण अर्धवट टाकून उठला. दोघा भावांचं बोलणंच बंद झालं. मला शहाणपण सुचलं. मी मामाला बाजूला घेऊन म्हटलं, "मामा, एकदा तरी त्याच्या हातातून तसंच घे ना. तुझं काय जाणार आहे?"

त्याने आपल्या करंगळीकडे बघितलं. मग बरं म्हणाला. मी केवढी खूश झाले. घरात सगळ्यांना सांगत सुटले, मीच कसं जमवून आणलं.

पुढचं मी बघितलेलं नाही. मामाने एकदाच सांगितलं, धाकट्या मामाने कधीच नाही. आठवड्याभराने एक निवृत्त मेजर वडिलांचं पिस्तूल घेऊन आले. वीस वर्षं कपाटात पडून होतं, रिकामंच आहे, म्हणाले. ते धाकट्या मामाने घेतलं. मेजरसाहेबांशी गप्पा मारता मारता त्याने आधी स्लाइड ओढली. काहीच बाहेर पडलं नाही. मग मॅगझिन काढलं आणि न बघता ड्रॉवरमध्ये टाकलं. घोडा उभाच होता. पिस्तूल त्याने दादापुढे धरलं आणि म्हणाला, "रिकामं आहे, दादा."

मामाची करंगळी उचलली गेली होती. ती वाकून परत मुठीत गेली, कारण मी त्याच्याकडून शब्द घेतला होता. त्याने पिस्तूल तसंच घेतलं. घोडा उतरवायला तोंड वाळूच्या पेटीकडे केलं, पेन्सिल टाकायच्या आधीच कळ दाबली. कळ झिजलेली होती. गोळी सुटली आणि वाळूत शिरली.

कुणालाही काही झालं नाही. एक नियम मोडला तरी दुसरा त्याने पाळला होता, म्हणून तिघेही जिवंत राहिले. पण मेजरसाहेबांनी त्याच दिवशी तक्रार केली. दुकानात गोळी सुटली म्हटल्यावर खात्याचे तपासनीस आले, दुकानाला सील लागलं आणि परवाना राहणार की जाणार, यावर चौकशी बसली.

चौकशीला मामाला मीच घेऊन गेले. काय झालं ते त्याने मला आधीच सांगितलेलं होतं. दाराजवळच्या बाकावर बसून मी सगळं ऐकलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, पिस्तूल तुम्ही तपासलं होतं? मामा म्हणाला, नाही. कुणी तपासलं होतं? मामा म्हणाला, माझ्या हातात होतं, तपासायचं मी होतं. मेजरसाहेबांनीही तेवढंच लिहून दिलं होतं, गोळी मोठ्या भावाच्या हातून सुटली. नंतर धाकट्या मामाला आत बोलावलं. तो म्हणाला, दादाच्या कामात मी कधी लक्ष घालत नाही. माझ्या शेजारून बाहेर जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही मूग गिळून बसले. उठून खरं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

परवाना गेला. वर्षभरात धाकट्या मामाने स्वतःच्या नावावर नवा काढला, तीन गल्ल्या सोडून. परवा मी तिथून जात होते. काउंटरच्या वर पांढऱ्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं: हातात घेणाऱ्याने स्वतः तपासावे. आत धाकटा मामा कुणाच्या तरी पिस्तुलात करंगळी घालून बघत होता.

मी तणतणत मामाकडे गेले. मामी बाहेर गेली होती, म्हणून चहा मी केला आणि रागाच्या भरात साखर विसरले. मामाने चव न बघता सगळा बशीत ओतला आणि मुकाट्याने पिऊन टाकला. तेव्हा मला जास्तच संताप आला. मी पाटीचं सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, तपासतोय ना.

"तू त्या दिवशी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "रिकामं आहे असं तोच म्हणाला होता, एवढं तरी सांगायचंस."

मामाने बशी खाली ठेवली.

"सांगितलं असतं, तर चौकशीच्या साहेबांनी पुढचं विचारलं असतं. चाळीस वर्षं तपासत होतात, मग त्याच दिवशी का नाही?" तो म्हणाला. "मग मला तुझं नाव घ्यावं लागलं असतं."

मी कपबशी उचलून आत गेले आणि नळ सोडून बराच वेळ ती विसळत राहिले.