अहो म्हटलं की कोण वळतं

आमच्या घरात दिशा कळणारं माणूस एकच, असं केव्हाच ठरून गेलं आहे. ह्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नगरच्या बाजारात रिक्षावाल्यालासुद्धा "ईशान्येला घ्या" म्हणून सांगतात आणि तो बिचारा रिक्षा थांबवून माझ्याकडे बघतो. त्यामुळे निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपनं सहकुटुंब हरिश्चंद्रगडावर तंबूत मुक्काम करायचं ठरवलं तेव्हा वाट चुकण्याची काळजी मला नव्हतीच. मला काळजी होती ती ह्यांच्या शुगरची.

ह्यांना इन्सुलिन लागतं. इंजेक्शन घेतलं, चालणं जास्त झालं आणि पोटात कमी गेलं की शुगर भसकन खाली येते. आधी दरदरून घाम, मग हातांना कापरं, मग माणूस भलतंच बोलायला लागतो. आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून भांडतो. अशा वेळी लगेच गोड पोटात गेलं नाही तर शुद्ध हरपते, जिवावरही बेततं, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. म्हणून ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, चिक्की असं सगळं मी माझ्या सॅकमध्ये भरलं. "थोडं तुमच्या खिशात ठेवा" म्हटलं, तर म्हणे खिसा चिकट होतो. ह्यांच्या सॅकमध्ये दुर्बीण, होकायंत्र आणि नकाशा. मी म्हटलं, भूक लागली की नकाशा खा.

पाचनईतून आम्ही वर चढलो ते उन्हातच. पावसाळा सरत आला होता. अभयारण्याच्या पाटीपासून पुढे सगळीकडे पिवळी सोनकी फुलली होती आणि आमचे सगळे सर लोक मुलांसारखे फोटो काढत सुटले होते. वर देवळाजवळ तंबू ठोकले. एका झोपडीत पिठलं-भाकरी सांगितली. ह्यांनी इंजेक्शन घेतलं, अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली ताटात तशीच ठेवून उठले, कारण बाकीचे कोकणकड्याकडे निघाले होते. "आल्यावर खातो," म्हणाले. माझ्या बुटाची नाडी तुटली होती, ती गाठ मारून बांधेपर्यंत हे सगळ्यांच्या पुढे दिसेनासे झाले. मी चिडले. हे नेहमीचंच आहे. लग्नाच्या वरातीतही हे माझ्या पुढे चालत होते.

झोपडीवाला म्हणाला, "मावशी, जरा थांबून जावा. धुकं यायलंय. आलं म्हंजे हाताला हात दिसत न्हाई." मी आभाळाकडे बघितलं. ऊन होतं. मी गणिताच्या मॅडमना बरोबर घेतलं आणि निघाले.

निम्म्या वाटेत ते आलं. आलं म्हणजे कसं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. समोरची कारवीची झुडपं होती, आणि मग नव्हती. मॅडम बोलत होत्या, पण त्या डावीकडून बोलतात की उजवीकडून, तेच कळेना. आम्ही एकमेकींचा हात धरला आणि माणसांच्या गलक्याच्या दिशेनं चालत राहिलो. कड्याजवळ पोचलो तर तिथे आमचा ग्रुप, पुण्याचा एक ग्रुप, आणखी कुणी कुणी अशी भाऊगर्दी, आणि कुणालाच कुणाचं तोंड दिसत नव्हतं. आमच्या पीटीच्या सरांनी ओळखू यावं म्हणून नगरच्या एकाच दुकानातून सगळ्यांना निळे रेनकोट घेतले होते. पुण्याच्या लोकांनीही निळेच घेतले होते.

मी विचारलं, "आमचे हे कुठे आहेत?"

पीटीचे सर धुक्यातून म्हणाले, "आत्ता तर इथंच होते. फार घाम आला म्हणाले, बसतो जरा म्हणाले."

घाम हा शब्द ऐकला आणि मी मॅडमचा हात सोडला. एवढ्या गार हवेत घाम? एका बाजूला कडा, खाली सरळ कोकण. दुसऱ्या बाजूला झाडी. आणि ह्यांचा जीव वाचवणारी पुडी माझ्या पाठीवर.

मी सगळा जीव एकवटून हाक मारली, "अहो!"

आणि सगळीकडून उत्तरं आली. "काय गं?" "ओ!" "आलो आलो!" "अगं इथंच आहे मी!" आमच्या ग्रुपमधले झाडून सगळे नवरे बोलले. पुण्याच्या ग्रुपमधलेही दोन-तीन बोलले असावेत. त्यांतला एक "ओ" मला ह्यांच्यासारखा वाटला. मी त्या दिशेनं धावले, निळा रेनकोट दिसला, दंड धरला आणि ओरडले, "आधी तोंड उघडा!" तो माणूस घाबरून म्हणाला, "बाई, सोडा हो, माझी बायको इथंच आहे." बायकोही धुक्यातून म्हणाली, "कोण आहे हो?" मला लाज वाटायला हवी होती, पण तेवढी सवड नव्हती.

मग मी "सर!" म्हणून हाक मारली. गावात सगळे ह्यांना सरच म्हणतात. पण तिथे सगळेच सर. चार शाळांचे चार भूगोलाचे, दोन इतिहासाचे, सगळे एकदम बोलले. कोण कुठून बोलतोय, कोण पुढे सरकतोय, काही समजेना. पीटीचे सर शिट्टी मारायला लागले, तर पुण्याच्या ग्रुपमधूनही शिट्टी यायला लागली. मी गरगर फिरले आणि मग कडा कुठल्या अंगाला, तेच मला कळेनासं झालं. मॅडमनी मला कमरेला घट्ट धरून खाली बसवलं.

"अहो, नाव घेऊन हाक मारा ना!" त्या म्हणाल्या.

खोटं वाटेल, पण मला ते सुचलंच नव्हतं. आणि सुचल्यावर जमेना. इतक्या वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही कुणी अडवून धरलं तरच. बँकेत, दवाखान्यात कुणी नाव विचारलं की मी कागद पुढे करते. आता तोंड उघडलं तर नुसतं नाव बाहेर येईना, त्याच्या आधीची ओळ आली. लग्नानंतर उंबरठ्यावर म्हटलेला उखाणाच मी कोकणकड्यावर बसल्या जागेवरून ओरडले:

"दारात उभ्या नणंदा, हातात त्यांच्या ताट, अमुकरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!"

अमुकच्या जागी अर्थातच खरं नाव. ते इथे लिहीत नाही, सवय नाही.

 मग कुणीतरी फिस्सकन हसलं, मागोमाग दहा जण हसले, आणि एका तरण्या पोरानं "वन्स मोअर" दिला. मला रडू फुटलं. त्या हसण्यात ह्यांचा आवाज आला असता तरी ऐकू आला नसता. मी सगळ्यांना "गप्प बसा!" म्हणून ओरडले. शिक्षकाच्या बायकोचा आवाज तो, झाले गप्प.

मग मी रावही टाकलं. नुसतं नाव. ‘रे’ लावून.

कुणी बोललं नाही. मी पुन्हा हाक मारली, लांब ओढून, सांजच्याला पोराला घरात बोलावतात तशी.

आणि झाडीच्या बाजूनं, अगदी जवळून, एक बारीक आवाज आला. "आलो गं आये! शेरडं बांधून येतो."

आवाज ह्यांचा होता. भाषा नव्हती. हे पाथर्डीकडच्या खेड्यात शेळ्या राखत वाढले, पण शिक्षक झाल्यापासून ह्यांच्या तोंडून ‘ण’चा ‘न’ झालेला मी कधी ऐकला नाही. आये म्हणून हाक मारताना तर सासूबाई असतानाही ऐकलं नव्हतं. मला एकदम कळेचना की मी नक्की कुणाला शोधून काढलंय.

कारवीत एका दगडावर हे बसले होते. रेनकोट काढून टाकलेला, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, डोळे माझ्यावर पण मला न बघणारे. मी बाटलीत ग्लुकोज कालवलं, सांडलं, पुन्हा कालवलं. हे तोंड फिरवत होते. "नको आये, पोट भरलंय." मी दटावलं, "पी म्हणते ना!" अरेतुरे माझ्या तोंडून कसं आलं, ठाऊक नाही. हे मुकाट प्यायले. पीटीच्या सरांनी मागून धरलं होतं, मॅडम पाठ चोळत होत्या आणि मी घोट घोट पाजत होते. खरं सांगायचं तर त्या वेळी भीतीच्या खाली मला सासूबाईंचा हेवाही वाटत होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. जन्मभर जेवू मी घातलं, सुया मी टोचल्या, आणि शुद्ध जाताना माणूस ओ देतो ते त्यांना.

हळूहळू ह्यांच्या ओठांना रंग आला. हातांचं कापरं थांबलं. मी बिस्किटाचा पुडा फोडला. एवढ्यात धुकंही जसं आलं तसं उठलं. बघते तर सगळा ग्रुप आमच्याभोवती कोंडाळं करून उभा, आणि मी ज्यांचा दंड धरला होता ते गृहस्थही बायकोला घेऊन आलेले.

ह्यांनी मला ओळखलं. पहिल्यांदा रेनकोट कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाले, "तू मला नावानं हाक मारलीस?"

"मारली. काय करणार मग?"

"आई गेल्यापासून तसं कुणी बोलावलं नाही," हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता, वर्गात काहीतरी सांगावं तसा. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "परत एकदा मार."

मी तोंड उघडलं.  मला आनंद होत होता की लाज वाटत होती की रडू येत होतं, काही उलगडेना, आणि मी पुड्यातलं एक बिस्किट ह्यांच्या हातात दिलं.

"आधी बिस्किट संपवा," मी म्हटलं.

त्यांनी बिस्किट संपवलं, हातावरचा चुरा झटकला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिले.