कारणांची वही

धुळ्याच्या त्या कॉलेजात तीन प्राचार्य बदलले, पण ऑफिसच्या खिडकीमागचं डोकं एकच राहिलं. हेडक्लार्क गिरधरनाना. स्वतः मॅट्रिकपुढे गेले नव्हते म्हणून असेल, पण शिकायला आलेलं पोर मधेच गळालं की घरचं माणूस ताटावरून उठून गेल्यासारखं त्यांना लागायचं. हजेरी कमी भरलेल्यांना दंडाची पावती फाडायची, एवढंच त्यांचं काम. नाना पावतीपुस्तक बाजूला सारून विचारायचे, "का रे भो, कोठे व्हता इतला दिन?"

पोरं आधी थापा मारत.

"मामा मरना? मागला सालबी मरना व्हता तुना मामा. खरं सांग. मी काय प्राचार्य नही, क्लार्क शे."

मग खरं बाहेर यायचं. पारोळ्याकडची पहिली एसटी साडेनऊला पोचते आणि पहिला तास पावणेआठचा. कुणी कापूस वेचायला गेलेलं, कुणी बहिणीच्या बाळंतपणात अडकलेली. विणकराची हमीदा सकाळी घरच्या मागासाठी कांड्या भरायची. सुतानं कापलेली बोटं तिनं हसत दाखवली होती. नाना हे सगळं एका लांब वहीत लिहीत. नाव, गाव, कारण. अकरा वर्षांत साडेचारशे नावं झाली. दर जूनला ते प्राचार्यांना म्हणत, पहिला तास दहाला ठेवा, निम्मी पोरं वाचतील. आणि प्रत्येक प्राचार्य म्हणायचे, "बघू."

एकाहत्तर साली सरकारनं नेमलेली समिती आली. विषय होता उच्च शिक्षणातली गुणवत्ता आणि उत्पादकता. पुण्याहून आलेल्या डॉ. आगाश्यांना नानांनी विचारलंच, "साहेब, गुणवत्ता समजली. ही उत्पादकता म्हणजे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजतात तसं काही?"

"तसंच काहीसं," आगाशे हसले. पण वही चाळायला लागले तेव्हा हसू थांबलं आणि ते खुर्ची ओढून बसले. "नाना, संशोधन ते हे. आम्ही प्रश्नावल्या वाटतो, मुलं वाट्टेल ते भरून देतात. तुम्हाला त्यांनी खरं सांगितलंय."

वही पुण्याला गेली. घरी येऊन नानांनी बायकोला, बेबाबाईला, सांगितलं, "आते तास दहाले व्हई, देखजो."

"व्हई तवय व्हई. हातपाय धुवा पयले," ती म्हणाली.

वही परत आली नाही. नानांनी नवी घातली. वर्षानं सायक्लोस्टाइल केलेला अहवाल आला. नानांची सगळी कारणं त्यात एका तक्त्यात मांडलेली होती, आणि खाली लिहिलं होतं की अशा कारणांचे विद्यार्थी नापास होण्याचं प्रमाण दुप्पट आहे. पुढल्या पानावर होतं की कॉलेजची उत्पादकता परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले यावर धरावी आणि अनुदानही त्यावरच ठरावं. दहाच्या तासाचा विषय तळटीपेत होता: स्थानिक पातळीवर विचार व्हावा.

प्राचार्यांनी ती दोन पानं शेजारीशेजारी ठेवून वाचली.

"नाना, परीक्षेचे फॉर्म पाठवायच्या आधी तुमच्या नव्या वहीवरून यादी काढा. तक्त्यात बसतात त्यांचे फॉर्म थांबवा. हजेरी कमीच आहे, नियमाला धरून होईल."

"साहेब, ती कारणं मी यासाठी लिहिली नव्हती."

"खोटी आहेत का?"

"नाही."

"मग?"

नानांनी नवी वही काढून टेबलावर ठेवली.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. पारोळ्याच्या पलीकडचा अभिमन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. अख्खं घर दुष्काळी कामावर खडी फोडायला, तोही त्यांच्यात. त्यानं नानांना सरळ सांगितलं होतं, "तठली, खडीवरली हजेरी भरी ते चूल पेटस, नाना. आठली, कॉलेजनी भरी ते काय पेटस?" नाना हसले होते आणि लिहून घेतलं होतं.

आता त्याचा फॉर्म हातात घेऊन ते बसले. पाठवायच्या गठ्ठ्यात दोनदा घातला, दोनदा काढला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. प्राचार्य गठ्ठा मोजायला आले तेव्हा फॉर्म कपाटात होता, आणखी बासष्ट फॉर्मांबरोबर.

दोनच दिवसांत अभिमन खिडकीशी आला.

"मना फॉर्म गया नही म्हनतस."

"हजेरी कमी पडी रे, भो."

"हजेरी ते त्या सोनारना पोऱ्यानीबी नही भरी. त्यानी मामा मरना सांगं, त्याना फॉर्म गया. मी तुम्हले खरं सांगं, मना ऱ्हायना." आवाज चढवला नाही त्यानं. "तुम्ही इचारं म्हनीसन सांगं, नाना."

"अभिमन, पुढला साल..."

तो तोवर फाटकाबाहेर पडला होता. परत आला नाही.

निकाल एक्केचाळीसवरून चौऱ्याऐंशी टक्क्यांवर गेला. प्राचार्यांना हार पडले, पेढे ऑफिसातही आले. नानांनी पेढा घेतला. नाही म्हणायचं म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

बातमी मात्र एसटीतून गावोगाव गेली: नानांच्या वहीत खरं कारण चढलं की फॉर्म अडकतो. पुढच्या साली खिडकीशी येणारं प्रत्येक पोर एकच बोलायला लागलं, तब्येत बरी नव्हती. हमीदासुद्धा.

"बुखार था, नाना."

"महिनाभर?"

"हां, महिनाभर." बोटं तिनं ओढणीत गुंडाळून घेतली होती.

नानांनी रागावून पाहिलं, चुचकारून पाहिलं. शेवटी कानावर येईल ते लिहायला लागले. आजारपण. आजारपण. आजारपण. समिती आता अशा वह्या सगळ्याच कॉलेजांकडून मागवत होती; ही वहीदेखील वर गेली. आणि पंच्याहत्तर साली परिपत्रक उतरलं की विद्यार्थ्यांच्या हलक्या प्रकृतीमुळे उत्पादकता घटते, सबब प्रत्येक कॉलेजला एक वजनकाटा मंजूर करण्यात येत आहे.

काटा लाकडी खोक्यातून आला. ऑफिसच्या दारातच मांडला. गैरहजर विद्यार्थ्याचं वजन करून नोंद ठेवावी, असा प्राचार्यांचा हुकूम झाला. नानांनी पट्टी घेतली आणि वहीत चौथा रकाना आखला. पहिल्या दिवशी सतरा पोरं काट्यावर चढली. सगळी धडधाकट निघाली.