बोंगबाईंची आखूड बाजू

मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला बोंग सुन-दोक नावाच्या बाई आमच्या खोऱ्यात आल्या, तेव्हा बसमधून आधी त्यांची ट्रंक उतरली, मग बाई उतरल्या, आणि मग बस वर उठली. हे माझं म्हणणं नाही, बसची कंडक्टरीण सांगत सुटली होती. बाई अंगानं दणकट. बाप रांजण घडवणारा कुंभार. लोक म्हणायचे, त्यानं लेकीलाही चाकावरच घडवली आणि माती घालताना हात काही आखडला नाही.

त्यांचं शिकवणं चार भिंतींत मावायचं नाही. हिवाळ्यात तळं गोठलं की पोरींना बर्फावर समोरासमोर बसवायच्या आणि एकीला दुसरीला ढकलायला लावायच्या. दोघीही मागं घसरत जायच्या. मग बाई विचारायच्या, आता सांगा, कुणी कुणाला ढकललं? पोरी भांडत बसायच्या आणि बाई मजेत बघायच्या. एकदा सगळा वर्ग टेकडीवर नेला आणि खाली ओढ्यावर धुणं बडवणारी बाई दाखवली. बडवणं कपड्यावर पडलेलं आधी दिसायचं, धप् आवाज मागनं यायचा. "डोळ्याला बातमी लगेच पोचती," बाई म्हणाल्या, "कानाला मात्र हवा एकमेकीला ढकलत ढकलत आणून देती." कुणाची आई धुणं धुतीय हे शोधण्यात अर्धा तास गेला, पण लाट म्हणजे काय ते पोरींना जन्माचं कळलं.

एवढ्या हसऱ्या बाईला एक रुखरुख होती, ती नव्या वर्षाच्या फळीची. लांब फळी, खाली मधोमध भाताच्या काडाची घट्ट पेंडी, दोन टोकांवर दोघी उभ्या. एक वरनं आदळली की दुसरी उडते, ती आदळली की पहिली. वर्षाच्या सुरवातीला जी पोर फळीवर उडत नाही तिच्या पायात वर्षभर काटे मोडतात, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. बोंगबाईंच्या समोर लहानपणी कुणी उभंच राहिलं नाही. ही आपल्याला उडवील, पण हिला कोण उडवणार, असं सगळ्या म्हणायच्या. बाई कडेला बसून भाजलेली रताळी खायच्या आणि दुसऱ्यांचे घागरे वर जाताना बघायच्या.

एके साली नव्या वर्षाच्या तोंडावर ओकबुन बाईंच्या दारात आली. ओकबुन म्हणजे आमच्या गावची उडणारी पोर, काडीसारखी हलकी. फळीच्या सामन्यात दोन बांबूंना तिरकी दोरी बांधून तिला वाळवलेली पर्सिमनची फळं टांगतात. सगळ्यात वरचं फळ जिच्या हाती लागलं तिचं गाव जिंकलं. ते फळ आमच्या गावाला कधी लाभलं नव्हतं. ओकबुनची जोडीदार तिची सख्खी बहीण. ती सुगी झाल्यावर लग्न होऊन पल्याडच्या गावाला गेली आणि आता त्यांच्याच बाजूनं उडणार होती. ओकबुनचंही नवं वर्ष सरलं की शहरातल्या सूतगिरणीत जायचं ठरलेलं. म्हणजे ही तिची शेवटची फळी, आणि समोर उभं राहायला कुणी नाही.

"बाई, तुम्ही ऱ्हाल का माझ्यासमोर उभ्या?"

"अगं, माझ्यानं फळी मोडंल."

"मोडू द्या. आबांनी कपाटासाठी ठेवलीय, तशीबी कापायचीच हाय."

बाई हसल्या, पण हो म्हणायच्या आधी त्यांनी दोनदा फळीची जाडी विचारून घेतली असं ओकबुन सांगते. सगळ्या शाळेदेखत, दोन गावांदेखत उभं राहायचं होतं.

सामन्याच्या दिवशी पल्याडची जोडी आधी उडाली. ओकबुनच्या बहिणीनं वरून दुसरं फळ तोडलं. मग आमची फळी मांडली गेली. ती मांडायचा मान गावप्रमुख ब्योन म्हाताऱ्याचा. म्हातारा रीतीभातीला पक्का. थोरल्याला मोठा वाटा, गुरूला त्याहून मोठा, माशाचं डोकंसुद्धा कुणाच्या पुढं वळवायचं हे त्याला विचारून ठरायचं. त्यानं पेंडी ओकबुनच्या बाजूला सरकवली आणि फळीची लांबलचक बाजू अदबीनं बाईंना दिली. मधे, पेंडीच्या बरोबर वर, फळी सरकू नये म्हणून गावातली गुनमे आजी फतकल मारून बसली.

पहिली उडी सरावाची. बाई आदळल्या. जमीन हादरली, आणि ओकबुन बेडकानं कूस बदलावी तेवढी उठली. मग ती आदळली, तर बाईंची बाजू हललीसुद्धा नाही. पल्याडचे लोक पोट धरून हसले. एकजण म्हणाला, उद्या सकाळपर्यंत थांबा, बाई उगवतील.

बाईंना चूक कुठं आहे ते दिसतच होतं. जड माणसाला आखूड बाजू आणि हलक्याला लांब, तरच हलकं माणूस भिरकावलं जातं; हे त्यांनी वर्गात पट्टी आणि खोडरबर घेऊन कितीदा दाखवलं होतं. पण पांढऱ्या दाढीच्या माणसाला चारचौघांत "तुमचं चुकलं" म्हणायचं आमच्यात नाही. ओकबुनचे डोळे भरून आले. बाई फळीवरून उतरल्या, म्हाताऱ्यापुढं वाकल्या, मग ओकबुनकडं वळल्या.

"पोरी, वर्षाचा नमस्कार केलास का मला?"

ओकबुन गोंधळली. मग तशीच बर्फावर गुडघे टेकून, हात कपाळाला लावून खाली वाकली. नव्या वर्षात धाकट्यानं नमस्कार केला की थोरल्यानं काहीतरी द्यायचंच असतं.

"माझ्याजवळ द्यायला आज काही न्हाई," बाई म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "आजोबांनी एवढी मोठी बाजू दिलीय, त्यातलीच दोन हात हिला देती."

ब्योन म्हातारा दाढी धरून उभा राहिला. गुरूनं आपल्या वाट्यातलं लेकराला दिलं तर आडवं कसं यायचं? "देणाऱ्याचा हात मोठा," असं पुटपुटत त्यानं गुनमे आजीला उठवलं, स्वतःच पेंडी बाईंकडं सरकवली आणि आजीला पुन्हा वर बसवलं.

मग खेळ लागला. बाई आदळल्या आणि ओकबुन कुंपणाच्या वर गेली. ती उंचावरून आली तो सगळा वेग फळीत ओतून गेली, आणि बाईंचे बूट टोकावरून सुटले. थोडेच, पण त्यांच्याखालून पलीकडचं भाताचं शेत दिसलं, ते सगळ्यांनी पाहिलं. बाईंनी ओरडून सांगितलं, टेकताना गुडघे वाकव आणि फळी उठायला लागली की ताठ हो. मग दोघीही दर खेपेला आपापल्या पायांचं बळ त्यात घालायला लागल्या आणि उडी चढत गेली. ओकबुनचा लाल घागरा छपरावर गेला, फळांच्या दोरीशी गेला, आणि एकदा ती खाली आली तर दोरीचं वरचं टोक मोकळं होतं आणि ओकबुनच्या दातात फळ होतं. हातानं तोडायचं सोडून कार्टीनं तोंडानंच ओढलं होतं.

पल्याडच्या घोळक्यातून तिची बहीणच सगळ्यात आधी नाचायला लागली. सासू तिचा घागरा ओढत होती.

सामना संपला होता, ढोल वाजायला लागले होते, पण बाई काही खाली उतरेनात. तोंड लालबुंद, अंबाडा सुटलेला.

"अजून एक, ओकबुन. जोरात ये."

"अगं बाई, तिला फळ मिळालं, गाव जिंकलं," पेंडीवरून गुनमे आजी ओरडली. "आता माझ्या बुडाचा तरी इचार करा!"

"बसा हो आजी," बाई वरूनच म्हणाल्या. "मी आत्ताच तर आलेय."