पदरातली सुपारी

गुरुपौर्णिमेच्या सकाळी मी देवघरासमोर उभी राहून पदराच्या टोकाला सुपारी बांधत होते आणि मनातून अगदी हिरमुसले होते. आमच्याकडे गुरूंची पाद्यपूजा जोडप्याने करतात. बायकोने पाणी घालायचं, नवऱ्याने पाय धुवायचे. दोघांपैकी एक जण हजर नसेल, तर त्याच्या जागी सुपारी बांधून दुसऱ्याने पूजेला बसायचं. पण ही सोय परगावी गेलेल्या माणसासाठी. आमचे हे तर बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला गाठ मारताना पाहून म्हणाले, "बरंच झालं की. सुपारी चहासुद्धा मागत नाही." एरवी मी हसले असते. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं आणि ते यांना दिसू नये म्हणून मी समईची वात सारखी करत राहिले.

माझे गुरू आप्पा निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यात राहतात. जन्मभर शाळामास्तर होते. आता शेताच्या कडेला दोन खोल्यांत त्यांचं नामस्मरण चालतं आणि येईल त्याला ताक पाजणं चालतं. आई गेल्यानंतरच्या वाईट दिवसांत कुणीतरी मला त्यांच्याकडे नेलं आणि मी तिथलीच झाले. आप्पा फोटो काढू देत नाहीत, हार घालू देत नाहीत आणि पायांना हात लावायला गेलं की पाय धोतरात ओढून घेतात. "मी काय द्येव हाय व्हय? जावा, ताक घ्या," एवढं बोलून विषय संपवतात. यंदा मात्र डोळे दाखवायला त्यांना बेळगावला यायचं होतं. त्यांनी आपण होऊन रावसाहेबांकडे निरोप दिला, "पौर्णिमेला आक्काच्या घरी उतरतो म्हणावं. एकदा काय धुवायचं त्ये धुवून घ्या." रावसाहेब म्हणजे आमचे गुरुबंधू. आप्पांना गाडीतून आणणार होते तेच. निरोप ऐकून मी स्वयंपाकघरात एकटीच गिरकी घेतली. आणि मग मला यांची आठवण झाली.

हे माणूस सोन्यासारखे आहेत, पण उभा जन्म वकिलीत गेला. प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायची सवय. "देवापुढे हात जोडीन. पण माणसाच्या पायांची पूजा करणार नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. इतकी वर्षं मला निपाणीच्या बसमध्ये बसवून द्यायला यायचे, पण पुढे कधी आले नाहीत. त्यामुळे आप्पांचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. मी लाडीगोडी लावून पाहिली, रुसून पाहिलं, पानात सलग आठवडाभर दोडक्याची भाजी वाढून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी आदल्या दिवशी मनातल्या मनात आप्पांनाच म्हटलं, मी दमले, आता तुम्हीच यांना बसवा. असं म्हटलं खरं, आणि सकाळी उठून सुपारी बांधली. माझा भरवसा तेवढाच.

चौरंग मांडला होता, परात घासून लख्ख केली होती, खपली गव्हाची खीर शिजली होती. चांदीच्या तांब्यात कोमट पाणी, दुधाचे थेंब आणि तुळशीची पानं घालून ठेवली होती. बाहेर बेळगावची झड लागली होती. त्यात आमच्या टिळकवाडीतल्या गल्लीत नळाच्या पाइपसाठी रस्ता उकरून ठेवलेला. बेळगावच्या अलीकडची काकती मागे टाकली, एवढं रावसाहेबांनी कळवलं आणि मग त्यांचा फोन लागेना. मी आतबाहेर करून थकले. गाडी बंद पडली का, आप्पांना बरं नाही का, मागे फिरले का, नाही नाही ते मनात यायला लागलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून यांची हाक आली. "अगं, पाणी आण गं जरा. पाव्हणं आलंय."

आता इथे सांगायला हवं की आमचे सासरे खानापूरकडच्या खेड्यातले शेतकरी. त्यांच्या घरी दारात कुणीही आला तरी आधी पायांवर पाणी, मग गूळ-पाणी, आणि त्यानंतरच नावगाव विचारायचं अशी रीत. कोर्टात माणसाला नावापासून उलटसुलट विचारणारे आमचे हे घरच्या उंबऱ्यावर मात्र ही रीत मोडत नाहीत. पण आजच कुणी यायचं होतं! मी चडफडत न्हाणीतला साधा तांब्या भरला, दुसऱ्या हातात फोन धरला आणि बाहेर आले. कुणी म्हातारा माणूस डोक्यावरची खताच्या पोत्याची खोळ तोंडावर ओढून पायरीवर बसला होता. पाय गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने माखले होते.

"पाठ वाकत नाही त्यांची," हे म्हणाले, आणि धोतर सावरून स्वतःच खाली बसले. "तू पाणी घाल, मी धुतो."

मी पाणी घालत राहिले. कान फोनला आणि डोळे फाटकाकडे. कुठल्याही क्षणी गाडी दिसेल म्हणून मी रस्त्यावरून नजर काढत नव्हते. आणि फोन लागला.

"अवो आक्का," रावसाहेब पलीकडून ओरडत होते, "रस्ता उकरलाय न्हवं, गाडी आत येईना. मी फिरून मागच्या बाजूनं येतोय. पण आप्पा मगाशीच उतरून चालत गेल्यात की! डोक्याव पांढरी खोळ हाय बघा. पोचलं न्हाईत व्हय?"

मी खाली पाहिलं. खोळीच्या आतून आप्पा माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे नुसते हसत होते. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हळूच मान हलवली. बोलू नकोस.

तांब्यातलं पाणी संपलं होतं. "अजून आण की," हे म्हणाले, "एकच पाय झालाय." मी धावत आत गेले आणि चौरंगावरचा चांदीचा तांब्या उचलला. यांनी मान वर करून पाहिलं. "अगं, चिखल धुवायला चांदीचा?" मी कशीबशी म्हणाले, "असू दे. हाच हाताला लागला."

आणि दुसऱ्या पायावर मी डोळे भरून बघत पाणी घातलं. हे बोटांच्या बेचक्यांतून चिखल काढत होते, टाचेच्या भेगांवरून अंगठा फिरवत होते. मग त्यांचा हात जरा थांबला. "आमच्या बाबांचे पाय असेच होते, आज्जा," ते म्हणाले. "भाताच्या चिखलातून आले की मीच धुवायचो." आप्पांनी ओला हात यांच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मला वाटलं, आनंदाने माझी छाती फुटेल.

इतक्यात रावसाहेब धापा टाकत आले आणि त्या ओल्या फरशीवरच आप्पांपुढे आडवे झाले. हे हातात टॉवेल घेऊन बघत राहिले. आधी आप्पांकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या तांब्याकडे.

"मला फसवलंत की वो आप्पा," हे अखेर म्हणाले.

"फसवलं न्हाय," आप्पा म्हणाले. "तुमी पाव्हण्याचं पाय धुतलं, म्या धुवून घ्येतलं. माझी पूजा झाली. आता गूळ-पाणी द्या, लई तहान लागलीया."

यांनी स्वतः गुळाचा खडा आणून दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं मत अजून तेच आहे बरं का. पण धुतलेले पाय नुसते ओले ठेवून उठायची आमच्या घरची पद्धत नाही. ती पदरातली सुपारी सोड आता. मी आलोय."

गाठ मी इतकी घट्ट मारली होती की सुटता सुटेना. शेवटी यांनीच ती सोडवली. मग आम्ही दोघे पाटावर बसलो, गंध लावलं, फुलं वाहिली, आरती केली. यांना आरतीचे शब्द येत नव्हते, टाळ्या मात्र सगळ्यांत मोठ्या यांच्या होत्या. खीर आप्पांनी दोनदा मागून घेतली. तीच सुपारी यांनी अडकित्त्याने कातरून आप्पांच्या विड्यात घातली आणि वर म्हणाले, "हिची नोकरी संपली."

यात चमत्कार काय होता ते मला सांगता येणार नाही. रस्ता पाइपसाठी उकरला होता आणि पाऊस आषाढाचा होता. पण मला त्या दिवशी एक कळलं. आपण गुरूंना बोलावतो आणि ते कसे येतील, कुठल्या गाडीतून येतील, कुठे बसतील, हेही आपणच ठरवून टाकतो. मी सगळी मांडणी देवघरात केली आणि ते बसले पायरीवर. सोपवायचं म्हणजे मांडणीसुद्धा सोपवायची.

त्या रात्री मात्र मला एक रुखरुख लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा निघताना मी त्यांच्याजवळ बोलले, "दुसऱ्या पायाला मी नीट पाणी घातलं आप्पा. पहिल्या वेळी माझं लक्ष सगळं रस्त्याकडं होतं."

"व्हय की," आप्पा गाडीत बसत म्हणाले. "रस्त्याकडं कुणासाठी बगत हुतीस, त्ये ठावं हाय मला."